चार छिद्रांचा प्रस्ताव

आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि आमच्या इराला चौदा महिने. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे घरात फक्त मलाच दिसत होतं.

इरा नुकतीच चालायला लागली होती. म्हणजे चालणं तिला जमत होतं, थांबणं जमत नव्हतं. म्हणून मी जिन्याच्या वरच्या तोंडाला बसवायचं एक लोखंडी फाटक मागवलं. खोक्यातून फाटक, चार स्क्रू, चार प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि एक कागद निघाला. कागदावर एकच अट होती : भिंतीत चार छिद्रे पाडावीत. ती पडेपर्यंत वरच्या पायरीवर कुणीतरी आडवं बसणं भाग होतं. मेथी निवडणं, कपड्यांच्या घड्या, आईचा फोन, सगळं मी तिथंच करू लागले. फाटक भिंतीला टेकून आरामात उभं होतं आणि त्याचा प्रभारी कार्यभार माझ्याकडं होता.

गल्लीच्या तोंडाशी वीरप्पा सुताराचं दुकान आहे. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, पाच मिन्टाचं काम हाय. सांजच्याला मशीन घिऊन येतो. चहा तेवढा ठिवा."

ही आनंदाची बातमी मी नवऱ्याला दिली. चूक तिथंच झाली.

उत्कर्ष धाराशिवला एका कार्यालयाच्या खरेदी शाखेत वरिष्ठ लिपिक आहेत. रोज तुळजापूरहून जाऊन-येऊन करतात. बूट काढता काढता ते म्हणाले, "आज चार छिद्रं. उद्या पडद्याचा रॉड. परवा घड्याळ. दर वेळी वीरप्पा?"

"हो, दर वेळी वीरप्पा. गल्लीतच तर राहतो."

"हीच परावलंबी वृत्ती. आता बिनवायरचं ड्रिल घरोघरी असतं. आपण आपलं घेऊ. पण रीतसर."

'रीतसर' म्हणाले, म्हणजे कागद आलेच. दुसऱ्या दिवशी घरात नस्ती उघडली गेली. अतिशयोक्ती नाही. पुठ्ठ्याचं कव्हर, पांढरी दोरी आणि वर उत्कर्षच्या वळणदार अक्षरात विषय : 'जिना, वरचे तोंड, छिद्रे चार.' तीन कंपन्यांची दरपत्रकं आली. तुलनात्मक तक्त्याला बावीस रकाने पडले. त्यात वजन होतं, रंग होता, हमीची मुदत होती. जिना नव्हता.

पहिला पेच व्होल्टचा. एक कंपनी अठरा म्हणत होती, दुसरी वीस. मी भौतिकशास्त्राची बी.एस्सी. आहे. तोंड बंद ठेवायला हवं होतं, पण राहवलं नाही.

"अहो, दोन्ही एकच आहेत. नुकतीच भरलेली बॅटरी मोजली की वीस, कामाला लागली की अठरा. स्थळ बघताना सांगितलेला पगार आणि हातात येणारा पगार, तेवढाच फरक."

सासूबाई खुदकन हसल्या. उत्कर्ष हसले नाहीत.

"उद्या कुणी विचारलं की वीस मिळत असताना अठरा का घेतले, तर काय उत्तर द्यायचं?"

"कोण विचारणार आहे?"

"तेच तर. कोण विचारेल सांगता येत नाही."

वीस ठरले.

दुसरा पेच सासऱ्यांनी काढला. बाबूराव, म्हणजे आमचे बाबा, बत्तीस वर्षं मुख्याध्यापक होते. त्यांनी तिन्ही माहितीपत्रकं चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन वाचली आणि निकाल दिला, "यंत्र महत्त्वाचं नाही. बॅटरी महत्त्वाची. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. ही सोयरीक आहे उत्कर्ष. एकदा केली की जन्मभर त्याच घराण्याशी देणंघेणं."

मग घराण्याची चौकशी सुरू झाली. ती तीन आठवडे चालली. माझ्या लग्नाच्या वेळी एक रविवार पुरला होता.

शेवटी तक्त्यात सगळ्यात कमी दराचं ड्रिल मंजूर झालं आणि घरी आलं. दणकट, देखणं, हातात धरलं की माणसाला सगळीकडं भिंतीच दिसू लागाव्यात असं. फक्त त्यात बॅटरी नव्हती. दर कमी होता तो त्यामुळंच. खोक्यावर बारीक अक्षरात 'बॅटरी व चार्जर स्वतंत्र' असं छापलं होतं आणि मागवण्याआधी मी ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. नस्तीत त्याची नोंद 'तोंडी सूचना' अशी होती. तोंडी सूचनेवर कार्यवाही करता येत नाही.

बॅटरी मागवली. ती आली, चार्जर आला नाही. कारण प्रस्तावात फक्त 'बॅटरी' लिहिलं होतं. चार्जर सुटा मिळेना, म्हणून बॅटरीसकट चार्जर मागवला. आता यंत्र एक आणि बॅटऱ्या दोन झाल्या.

"एक बॅटरी नुसती बसून राहणार," उत्कर्ष काळजीनं म्हणाले. मी वरच्या पायरीवर बसून राहिले होते, त्याची त्यांना इतकी काळजी कधी वाटली नव्हती.

बसलेल्या बॅटरीला काम मिळावं म्हणून गवत कापायचं यंत्र आलं.

"आपल्याकडं गवत कुठंय?" मी विचारलं.

"कुंडीत आहे थोडं."

ते एका मिनिटात संपलं. तुळसही संपली असती, पण सासूबाई आडव्या आल्या. मग पाचोळा उडवायचं यंत्र आलं. त्यानं पहिल्याच दिवशी सासूबाईंची रांगोळी उडून समोरच्यांच्या उंबऱ्यावर गेली. मग फांद्या कापायची करवत आली. आमच्याकडं एक कढीपत्ता आहे, माझ्या कमरेइतका. मग एक दिवा. यंत्रं पाच झाल्यावर लक्षात आलं की बॅटऱ्या दोनच आहेत, त्यामुळं तिसरी मागवली. ती कमी पडू नये म्हणून चौथी.

"आता तरी चार छिद्रं पाडू या का?" मी वरच्या पायरीवरून विचारलं.

उत्कर्षनी बाह्या सरसावल्या. ड्रिलला बॅटरी खटकन बसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या.

"अरे, काय करताय? कालपासून देवी निजलीय. मंचकी निद्रा सुरू झालीय आणि तुम्ही घर्रर्र करून भिंत फोडायला निघालात?"

नवरात्राआधीच्या या दिवसांत देवी पलंगावर निजते, म्हणून तुळजापुरात माणसं गादीवर झोपत नाहीत. तिथं भिंतीला भोक पाडायची छाती कुणाची? खाली गल्लीत मंडळाचे लोक मांडवासाठी लोखंडी खांब ठोकत होते, खिडक्या थरथरत होत्या.

"आई, हा आवाज?" उत्कर्षनी विचारलं.

"तो तिच्याच मांडवाचा आहे. तिला कळतं."

निद्रा संपली आणि घरात घट बसले. घटाशेजारी हादरे नकोत. खंडेनवमीला पाचही यंत्रं पाटावर मांडून त्यांची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची दोन पानं. ड्रिलच्या तोंडात सासूबाईंनी इतकं कुंकू भरलं की ते नवरीसारखं दिसू लागलं. पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत. दसऱ्यानंतर देवी परत निजते, थेट कोजागरीपर्यंत. मी कालनिर्णयाच्या पानावर बोट ठेवून दिवस मोजत होते आणि दुसऱ्या हातानं इराचा फ्रॉक धरून होते.

कोजागरीचं दूध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाचही यंत्रं गायब. बाबांनी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. टेबलावर एक लांबट वही होती : 'जडवस्तू संग्रह नोंदवही.' पहिल्याच पानावर अनुक्रमांक एक, छिद्रयंत्र, नग एक, स्थिती उत्तम.

"बाबा, पण ते वापरायला आणलंय ना?"

"वापरलं की झिजतं. झिजलं की वहीतून खोडावं लागतं, म्हणजे निर्लेखन. निर्लेखनाला समिती लागते. मी शाळा सोडली तेव्हा सूक्ष्मदर्शकावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. एक भिंग फुटलं नाही."

"कुठल्या मुलानं त्यातून बघितलं होतं का?"

"म्हणूनच फुटलं नाही," बाबा समाधानानं म्हणाले.

त्याच आठवड्यात ते झालं. दुपारी कुकरच्या शिट्ट्या थांबेनात. सासूबाई देवघरात होत्या. मी गॅस बंद करायला उठले. ओटा, बटण, परत. चाळीस सेकंदसुद्धा नसतील. आले तर वरची पायरी रिकामी. इरा तिसऱ्या पायरीवर उभी होती. एक पाय हवेत, हात कशालाच धरलेले नाहीत, आणि माझ्याकडं मान वळवून हसत होती, बघ मला येतंय, असं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर ती दचकली असती. तीन पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. उत्कर्षचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी विचारलं, "वरून तिसरी की खालून?" मग नस्ती काढून तशी नोंद घेतली. त्या माणसाला घाबरायचं कसं, तेही दुसऱ्या पद्धतीनं येत नाही.

"बाबा, कपाट उघडा," मी म्हणाले.

"उघडतो की. पण मागणी लेखी नको का?"

भांडायला तोंड उघडलं होतं मी. मग मिटलं आणि कागद घेतला. 'प्रति, माननीय भांडारप्रमुख, द्वारा वरिष्ठ लिपिक. विषय : चार छिद्रांसाठी यंत्र तात्पुरत्या स्वरूपात मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...' खाली दिनांक, स्थळ, सही, सौ. अर्पिता. सोबत जोडलं : फाटकाच्या कागदाची छायाप्रत.

उत्कर्षनी 'शिफारशीसह सादर' लिहिलं. बाबांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा पुसला. "सेवेत असताना इतका निर्दोष अर्ज एकदाही आला नाही गं," ते म्हणाले, आणि कपाट उघडलं.

माहितीपुस्तिका घरात मीच एकटीनं वाचली होती. चष्मा घातला, तोंडाला ओढणी बांधली, इराला सासूबाईंकडं दिलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या. आवाज ऐकून वीरप्पा खालच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"ताई, जोर नका लावू. मशीनला करू द्या तिचं काम."

अकरा मिनिटांत चार छिद्रं, चार गिट्ट्या, चार स्क्रू. फाटक बसलं. हलवून बघितलं, लोंबकळून बघितलं. वीरप्पानं वर येऊन फाटकावरून आतल्या उघड्या कपाटाकडं मान लांब करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, दुकान टाकताव का काय?"

यंत्र पुसून, कुंकू काढून, बॅटरी भरून मी वेळेत परत केलं. बाबांनी प्रत्येक स्क्रू तपासला आणि कपाटाची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "आजपासून हे तुझ्याकडं. एवढी शिस्त घरात दुसऱ्या कुणात नाही."

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दर शनिवारी मी कपाट उघडते, पाचही यंत्रं कोरड्या फडक्यानं पुसते, बॅटऱ्यांवरची बटणं दाबून चारही हिरवे दिवे लागतात का बघते.

गेल्या शनिवारी ते करत असतानाच समोरच्या घरातली शिवरंजनी आली. महिन्यापूर्वीच भाड्यानं राहायला आलीय. तिचा वरद तेरा महिन्यांचा, कडेवर टिकत नाही.

"ताई, जिन्याला लावायचं फाटक आणलंय. वीरप्पा सोलापूरला गेलाय, पंधरा दिवस येणार नाही म्हणे. तुमचं ते ड्रिल तासभर द्याल का? चारच भोकं पाडायचीत."

मी तिच्याकडं बघितलं, मग ड्रिलकडं. हिला ते धरता येईल का? हातातून पडलं तर? टोकाचं बिट मोडलं तर? बॅटरी रात्रभर चार्जरलाच राहिली तर? काळजी वाटते हो मला. माझा स्वभावच तसा आहे.

"अगं, दिलं असतं गं," मी म्हणाले, "पण बॅटरी उतरलीय."

आणि जरा डावीकडं सरकून उभी राहिले, म्हणजे ते हिरवे दिवे माझ्या पाठीआड गेले.

"असू दे ताई," ती म्हणाली. "कुठल्या कंपनीची बॅटरी चांगली असते, तेवढं सांगाल का?"

ते मी सविस्तर सांगितलं. तक्ताही दिला. थोड्या वेळानं खिडकीतून बघितलं, तर ती तिच्या उघड्या जिन्यात वरच्या पायरीवर बसली होती. एका हातात वरदचा शर्ट, दुसऱ्या हातात फोन.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. ठेवा. पण परवा शेजारीण शिडी मागायला आली, तेव्हा 'भावजी घेऊन गेलेत हो' असं तुम्ही तिला दारातूनच सांगितलंत ना? शिडी तुमच्या मागंच उभी होती. पडद्याखालून तिचे दोन्ही पाय दिसत होते. शेजारणीनं ते बघितले. 'राहू द्या' म्हणताना ती हसली, ते त्यामुळंच.