काटेरावांची गुहा आणि गवेसाहेबांचा श्वास

एका जंगलात काय घडलं, ते माझ्याइतकं खरं कुणी सांगूच शकत नाही, बाळांनो. मी स्वतः तिथं हजर होतो! म्हणजे अगदी जंगलात नव्हतो. जंगलाकडे जाणाऱ्या एस्टीच्या थांब्यावर होतो. एस्टी आली नाही. ते असो. कान इकडे करा.

त्या जंगलात काटेराव साळिंदर राहायचे. त्यांना कलेचं वेड. साधंसुधं नव्हे, इन्स्टॉलेशनचं! इन्स्टॉलेशन म्हणजे काय? जे भिंतीवर टांगता येत नाही, घरी नेता येत नाही आणि सासऱ्यांना समजावता येत नाही, ते.

काटेरावांनी एका काळोख्या गुहेत तीनशे काजवे आणि चाळीस रातकिडे बसवले. काजवे उजळले की रातकिडे गप्प. काजवे विझले की रातकिडे सुरू. उजेड भिंतीवरून सरकत जायचा आणि आवाज त्याच्या मागे मागे. आठ महिने लागले. रातकिड्यांना गाणं शिकवावं लागलं नाही हो. गप्प बसायला शिकवण्यातच सात गेले.

बायको टोचीबाई वैतागल्या होत्या. "लोकांना आवडलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून माझ्या भावाबरोबर कंद खणायला जायचं. कबूल?"

"कबूल!" काटेराव म्हणाले. पण कंद खणायच्या नुसत्या विचारानं त्यांची कंबर धरायची.

दुपारी तीनला सगळं जंगल गुहेत जमलं. काटेराव आता 'सुरू' म्हणणार, तोच सूत्रसंचालन करणारी टिटवी आडवी आली.

"उद्घाटनाशिवाय कला सुरू होत नसते, काटेराव. आपल्याकडे पद्धत आहे."

समई आली. प्रमुख पाहुणे गवेसाहेब पुढे झाले. त्यांनी काडी ओढली, वात पेटवली आणि समाधानानं एक मोठा श्वास सोडला.

फुस्स! अंधार.

पुन्हा काडी. पुन्हा उजेड. पुन्हा समाधान. फुस्स! असं नऊ वेळा झालं. मध्येच माइक कोकलला, कुंईंईं! शेवटी गवेसाहेबांनी अंधारातच नारळ फोडायला घेतला. तो दगडाऐवजी अस्वलाच्या टाळक्यावर बसला. नारळ फुटला. अस्वल म्हणालं, "आई गं!"

मग छताला उलटं लटकलेलं समीक्षक वटवाघूळ रडवेल्या आवाजात म्हणालं, "उजेड... श्वास... वेदना! अहाहा!"

टाळ्यांचा कडकडाट! माकडांनी शिट्ट्या मारल्या. सगळे उठले आणि घरी निघाले.

काटेराव मागे धावले. "अहो, थांबा! अजून सुरूच व्हायचंय!"

"बघा, बघा!" वटवाघूळ किंचाळलं. "कलाकार स्वतःच शेवट नाकारतोय! काय हा शेवट!"

टाळ्या दुप्पट झाल्या.

"अरे, पण ते माझं नव्हतंच!"

"आणि किती ती नम्रता!" टिटवीनं डोळे पुसले.

सात जंगलांची आमंत्रणं जागच्या जागी आली. अट एकच, गवेसाहेब सोबत हवेत. आणि जमलं तर तेच अस्वल.

खरं काय ते सांगून टाकावं, असं काटेरावांच्या मनात आलं. त्यांनी तोंडही उघडलं. पण कंद आठवले. शिवाय गळ्यात हार पडला होता, आणि तो काट्यांत असा गुंतला होता की निघता निघेना.

"पुढच्या वेळी दहादा विझवू," ते म्हणाले.

तात्पर्य : कलाकारानं उद्घाटन मन लावून करावं. कला काय, मागाहून आपोआप राहून जाते.

हेच तात्पर्य काटेरावांनी घरी जाऊन छाती फुगवून बायकोला ऐकवलं.

टोचीबाई म्हणाल्या, "पटलं हो. पण तुमचे काजवे अजून गुहेत तसेच बसलेत, तुम्ही 'सुरू' म्हणाल म्हणून. त्यांना हे तात्पर्य तुम्ही जाऊन सांगता, की गवेसाहेबांना पाठवू?"