कॅशियरसाहेबांची मंजुरी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना कॅशियरसाहेबच म्हणत. त्यांनाही दुसरं काही म्हटलेलं चाललं नसतं. जन्मभर बँकेच्या काचेमागे बसले, पण एकही खोटी नोट त्यांच्या हातून पुढे सरकली नाही. नोट बोटांत नुसती फिरवली की कळायचं, असं ते सांगत. रंगात आले की म्हणत, नोट राहू द्या, देणाऱ्याचा चेहरा बघूनच कळायचं.

त्यामुळे बायकोने बाहुल्यांचं ऑनलाइन दुकान काढलं, तेव्हा सुरक्षेचं खातं त्यांनी कुणी न देताच स्वतःकडे घेतलं.

बाहुल्या जुन्या कपड्यांच्या होत्या. साहेबांचे ऑफिसचे शर्ट बायकोने कधी टाकूनच दिले नव्हते. कॉलर विरलेल्या त्या शर्टांतून तिने एक कॅशियर बाहुला शिवला होता: पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, नाकावर घसरलेला तारेचा चष्मा, हातात कापडी नोटांची चळत. हा आपल्यासारखा मुळीच दिसत नाही, असं साहेबांचं ठाम मत होतं. फरक म्हणाल तर एवढाच, की कापूस संपल्यामुळे बाहुल्याचं पोट जरा कमी भरलं होतं.

दुकानाची मांडामांड मुलीने केली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला. परदेशातून पैसे कसे येतात, हे तिने बाबांना फोनवर नीट समजावलं. गिऱ्हाईकाच्या कार्डाचा नंबर आपल्याकडे येतच नाही, मधली कंपनी आणि त्याची बँक मिळून खात्री करतात, पैसे जमा झाल्याचा निरोप आल्याशिवाय माल पाठवायचा नाही, कुणी जादा पैसे भरून उरलेले भलत्याच खात्यात परत मागितले तर द्यायचे नाहीत. एवढं पाळलं की झालं. साहेबांना हे फारच थोडं वाटलं. माणसाने बघितल्याशिवाय पैसे घ्यायचे म्हणजे काय? त्यांनी हट्टच धरला, तेव्हा मुलीने एक सोय करून दिली. प्रत्येक ऑर्डरचे पैसे गिऱ्हाईकाच्या कार्डावर अडवून ठेवले जातील आणि साहेबांनी मंजुरीचं बटण दाबलं की मगच आपल्याकडे येतील. मात्र मुदतीत बटण दाबलं नाही तर ऑर्डर आपोआप रद्द होईल, हेही तिने सांगितलं. ते ऐकायच्या आधीच साहेब खूश होऊन गेले होते.

मग परदेशातून पहिली ऑर्डर आली. कॅशियर बाहुला हवा होता. बायको हातातली सुई तशीच धरून उभी राहिली. तिच्या हातचं काही समुद्रापलीकडे जाणार होतं.

साहेब मात्र पडद्याच्या इतके जवळ गेले की चष्मा काचेला टेकला. ऑर्डर एका बाईची, कार्ड भलत्याच बाईच्या नावाचं, माल पाठवायचा तिसऱ्याच बाईच्या पत्त्यावर. खाली सूचना: फार घाई आहे, आणि कृपया या नंबरावर फोन करू नका.

"हिला मी काउंटरवरूनच परत पाठवली असती," साहेब म्हणाले.

आणि त्यांनी बरोबर त्याच नंबरावर फोन केला.

पलीकडे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उचलला. साहेबांनी विचारलं, आपल्या घरातून बाहुल्याची ऑर्डर गेली आहे का? गृहस्थ म्हणाले, आपण कोण? साहेबांनी दुकानाचं नाव सांगितलं. गृहस्थांनी ते सिद्ध करायला सांगितलं. दोघांचंही इंग्रजी मोडकं, पण एकाच वळणाचं, खिडकीआडून बोलणाऱ्यांचं. शेवटी गृहस्थ म्हणाले, अनोळखी माणसाला मी काहीही सांगत नसतो, व्हिडिओवर या आणि चेहरा दाखवा. चेहरा बघितला की मला कळतं.

साहेबांना हा माणूस एकदम आवडला.

व्हिडिओवर आले, तर समोर नाकावर घसरलेला चष्मा. तेही निवृत्त कॅशियर. तेवढ्यात मागून त्यांची बायको आली आणि तिच्या बोलण्यातून साहेबांना सगळं उमगलं. नवऱ्याच्या वाढदिवसाला गुपचूप बाहुला द्यायचा म्हणून त्या बाईंनी बहिणीचं कार्ड आणि बहिणीचाच पत्ता वापरला होता. कार्डावर बहिणीचं लग्नाआधीचं नाव राहिलं होतं. फोनच्या रकान्यात तेवढा सवयीने घरचा नंबर पडला होता. आणि ते गुपित साहेबांनी खुद्द नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं.

त्यांनी माफी मागितली. गृहस्थांनी घसरलेला चष्मा वर सरकवला. मग त्यांनी विचारलं, "नोटा मोजताना तुम्ही बोट कशाने ओलं करायचा?"

"वाटीत भिजवलेला स्पंज," साहेब म्हणाले. "तुम्ही?"

"तोच. दुपारपर्यंत वाळायचा."

झालं. बांध फुटला. कोऱ्या बंडलाचा वास, रबरबँड बसल्याचा आवाज, शिक्क्याची शाई, संध्याकाळी हिशेब जुळला की ड्रॉवर बंद करतानाचं ते सुख. काचेपलीकडे दर महिन्याला येणारे तेच चेहरे, आधी एकटे, मग जोडीने, मग काठी टेकत. घरी हे किती वेळा सांगणार? इथे प्रत्येक वाक्याला पलीकडून मान हलत होती. दुसऱ्या दिवशीही फोन झाला, तिसऱ्याही. मंजुरीची आठवण कुणाला? ती पहिल्याच दिवशी द्यायची राहिली होती.

पुढे एका सकाळी निरोप आला, मुदत संपली, ऑर्डर रद्द, अडवलेले पैसे गिऱ्हाईकाला परत.

बायकोने बाहुला कागदात गुंडाळून ठेवला होता, तो उलगडून परत फळीवर बसवला. साहेबांना ते बघवेना. जन्मभरात असा हिशेब त्यांच्या हातून कधी चुकला नव्हता. पडल्या चेहऱ्याने त्यांनी कॅशियरमित्राला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तोही हळहळला. मग दोघं हळूहळू परत ड्रॉवरच्या किल्ल्यांवर आले.

बोलणं संपवून साहेब बाहेरच्या खोलीत आले, तर बायको खोक्याला चिकटपट्टी लावत होती. फळी रिकामी होती. त्या बाईंनी नवी ऑर्डर दिली होती, बायकोने मुलीला विचारून मंजुरीची सोय काढून टाकली होती, पलीकडच्या बँकेने खात्री केली होती आणि जमा झाल्याचा निरोपही येऊन पडला होता.

साहेबांनी खोक्यावरचा पत्ता डोळ्यांजवळ धरून वाचला.

"पैसे खरंच आले का? नीट बघितलंस ना?"

"आले ना," बायको चिकटपट्टी दाताने तोडत म्हणाली. "तुम्ही फोनवर होतात, म्हणून आले."