पुण्याच्या हवेतली बॅटरी

आमचे मनोहर काकाजी कॅमेऱ्याच्या बॅटरीला आराम देतात. एक फोटो काढला की खालचं झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायची. थोड्या वेळानं पुन्हा कॅमेऱ्यात. गल्लीतल्या एका लग्नात नवरा-नवरी हार हातात धरून ताटकळले होते. ठरवलेला फोटोग्राफर वेगळाच होता, पण काकाजींना डावलायची हिंमत आमच्या आर्वी गावात कोणाला नाही. ते शांतपणे म्हणाले, "तिनं आत्ताच मामाचा फोटो काढला. दम घेऊ द्या तिले."

काकाजी आमचे शेजारी. सगळी नोकरी कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर म्हणून झाली. बेअरिंग लोकल टाकलं की ते तापतं आणि कापूस पेटतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हापासून घरात कुकरची रिंगसुद्धा कंपनीचीच. "ज्यानं वस्तूवर आपलं नाव लिहिलं, त्याले थोडी लाज असते," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तो कागद हातात धरून मी, आई, बाबा त्यांच्या अंगणात फोटोला उभे राहिलो आणि नेमकी बॅटरी संपली. आई म्हणाली, मोबाइलवर काढा. काकाजी म्हणाले, "मोबाइलचा फोटो म्हणजे पुरावा असते, वहिनी. फोटो वेगळा." बॅटरी चार्ज होईपर्यंत आम्ही इस्त्रीच्या कपड्यांना सुरकुती पडू नये म्हणून ओसरीवर ताठ बसून राहिलो. तो फोटो आज आमच्या देवघराशेजारी आहे आणि त्यासाठी मी काकाजींचा जन्मभराचा ऋणी आहे.

हा कॅमेरा त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, पुण्याला नोकरी लागल्यावर दिलेला. गेल्या वर्षी त्याची बॅटरी कायमची गेली. वैशालीनं लगेच नवी मागवून दिली. त्याच मापाची, पण कॅमेऱ्याच्या कंपनीची नव्हे. कुरिअरवाला दारात देऊन गेला. काकाजींनी डबी उलटसुलट पाहिली, "लोकल" म्हणाले आणि फळीवर ठेवून दिली.

वैशालीनं मला फोन करून त्यांना समजवायला सांगितलं. मी शिकलेला माणूस, काकाजींच्या तोंडी 'मास्तर', म्हणून वापरणाऱ्यांची मतं शोधून त्यांना वाचून दाखवली. बॅटरी चांगली चालते. काही कॅमेऱ्यांत चार्ज किती उरला तेवढं नीट कळत नाही. काकाजींनी नेमकं तेवढंच ऐकलं. "म्हणजे पोटातलं सांगत नाई अन् मधातच मुकाट्यानं निघून जाते. असा पाहुणा घरात कोण ठेवते, मास्तर?"

मग वैशाली म्हणाली, कंपनीचीच घरपोच पाठवते. तर घरपोच फक्त खोकं येतं, आत काय आहे ते देव जाणे, असं काकाजींचं उत्तर. मी नागपूरहून आणून देतो म्हणालो. "नागपूरच्या उन्हात दुकानातल्या दुकानात शिजते ते. पुण्याची हवा थंड हाय. तिनं तिथं उभं राहून घ्यावी, बिल घ्यावं, अन् हातानं आणून द्यावी."

वैशाली दोन दिवाळ्या आली नव्हती. कधी सुटी मिळाली नाही, कधी तिकीट. काकू गेल्यापासून त्या घरात चहा एकाच कपाचा होतो.

त्यानंतर काकाजी रिकामा कॅमेरा गळ्यात घालून फिरू लागले. बाजार समितीसमोर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग दिसली की कॅमेरा डोळ्याला लावायचे, नीट पाहायचे आणि खाली सोडायचे. चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, काकाजी, आमचा फोटो कधी? प्रत्येकाला एकच उत्तर: "पोरगी आणून राह्यली बॅटरी."

एका सकाळी मी त्यांच्याकडे पेपर द्यायला गेलो. काकाजी अंगणात जास्वंदीसमोर वाकलेले, आणि कॅमेऱ्याचा खटका वाजला. फळीवरची डबी उघडी होती. मला पाहून ते सावकाश सरळ झाले.

"टेस्टिंग करून राह्यलो."

कशी चालते, मी विचारलं.

"मस्त चालते," ते म्हणाले. मग माझ्या हातातला पेपर घेऊन, त्याची घडी उगाच मोडत म्हणाले, "तिले नको सांगजो, बाप्पा."

मी नाही सांगितलं. उन्हाळा सरता सरता वैशाली आलीच. दोन दिवसांची रजा, खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी आणि बिल. काकाजींनी आधी पोरीला जेवू घातलं, मग चष्मा लावून डबी हातात घेतली. बिल माझ्याकडे दिलं. कंपनीच्याच दुकानाचं होतं. डबीवरचं सील मी स्वतः पाहिलं; अस्सल माल होता.

काकाजी बराच वेळ डबी न्याहाळत बसले.

"लोकल हाय," ते म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडलं. वैशालीनं मला नजरेनंच थांबवलं. ती वडिलांकडे पाहत होती. ते मात्र मान खाली घालून सीलवरून बोट फिरवत होते. थोड्या वेळानं तिनं डबी त्यांच्या हातातून घेतली आणि बिलासकट पिशवीत ठेवली.

"बदलून आणते, बाबा. पोळ्याला."

"घाई नाई," काकाजी म्हणाले. मग चष्मा काढून, पुसत, "अन् तेही लोकल निघाली तं दिवाळीले पाहू."