तीनशे गुलाबी काकू आणि निळी गॅलरी

जावा बेटावरच्या आमच्या क्लातेनमध्ये सगळं कळणारी दोन माणसं आहेत. एक मी. दुसऱ्याचा शोध चालू आहे.

मी डिटेक्टिव्ह सार्जोनो. नजर घारीची, कान सशाचे. नाकाला बाराही महिने सर्दी असते, म्हणून त्याचा उल्लेख टाळतो. आजवर सोळा प्रकरणं हाताळली. त्यातली नऊ मी हात काढून घेताच सुटली, यावरून माझा दरारा लक्षात यावा. माझी कचेरी वेनिंगच्या फोटो स्टुडिओसमोर आहे. अगदी अचूक सांगायचं तर माझी कचेरी म्हणजे तिच्या स्टुडिओसमोरचं बाकडं.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास वेनिंग बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"मास सार्जोनो, मोकळे आहात?" आमच्याकडे दादाला मास म्हणतात, काकूला बू आणि काकाला पाक.

"डिटेक्टिव्ह कधीच मोकळा नसतो. बोल."

प्रकरण असं होतं. दोन आठवड्यांपूर्वी मैदानावर बायकांच्या सामूहिक कवायतीची स्पर्धा झाली. तीनशे काकू, तीनशे गुलाबी गणवेश, तीनशे गुलाबी हिजाब, आणि कानठळ्या बसवणारं डांगडुट संगीत. वेनिंगने चार हजार फोटो काढले आणि ते ऑनलाइन गॅलरीतून विकायचं ठरवलं. तीन सेवा तिने निवडून ठेवल्या होत्या: निळी, हिरवी आणि केशरी. फोटो तिन्हींत चढवले, पण काकूंना लिंक पाठवली निळीची. कारण निळीत आपला सेल्फी टाकला की ती आपले फोटो शोधून देते. चौदा दिवस फुकट, मग वर्षभराची बांधिलकी. आज चौदावा दिवस. मुदत संध्याकाळी पाच.

शिवाय सरपंचांच्या बायकोने, म्हणजे बू लुराह यांनी, निरोप धाडला होता: "पाचपर्यंत माझ्या बायकांना फोटो मिळाले नाहीत, तर पुढच्या महिन्याची जिल्हा स्पर्धा माझ्या भाच्याला. तो ग्रुपवर फोटो फुकट टाकतो. त्यात डोकी कापलेली असतात, पण फोटो पोचतात."

बँकेतली नोकरी सोडून वेनिंगने स्टुडिओ काढला होता. जिल्हा स्पर्धा गेली की स्टुडिओही जाणार होता. आणि त्याबरोबर माझं बाकडं.

"गॅलरी दोन हजार वेळा उघडली गेलीय," ती म्हणाली. "नऊशे फोटो टोपलीत पडलेत. विकले गेले फक्त दोन."

"टोपली कुठे ठेवलीस?"

"ती स्क्रीनवर असते, मास."

"म्हणजे चोरायला सोपी," मी वहीत लिहिलं. "ते दोन कोणी घेतले?"

"रेत्नो कुसुमानिंगत्यास आणि एंदांग वुलांदारी."

मी डोळे मिटले. मेंदू सुरू झाला. "दोघींनाही चष्मा आहे! बाकीच्यांना खरेदीचं बटणच दिसत नाही."

वेनिंगने बटण मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. शेवटी फोटो कमी आणि बटण जास्त दिसायला लागलं. विक्री दोनच.

मग मी चेहरा शोधणारं यंत्र तपासलं. माझा सेल्फी टाकला. यंत्राने एक्केचाळीस फोटो शोधून दिले, सगळे त्या तीनशेतल्या बू पार्सिनाहचे.

"कळलं!" मी बाकड्यावरून उठलो. "सगळे चेहरे सारखे, सगळे कपडे सारखे. स्पर्धेला एकच बाई आली होती. ती तीनशे ठिकाणी उभी होती."

"आणि मी?"

"तू तिला चार हजार वेळा टिपलंस. अभिनंदन."

वेनिंगने घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते.

राहिला एकच संशयित: झेरॉक्सवाला पाक बाग्यो. तो गॅलरीतले फोटो चोरून छापत असणार. मी दावेतवाल्याचं, म्हणजे नारळाच्या दुधाचं थंड सरबत विकणाऱ्याचं वेषांतर केलं, त्याच्या दारात हातगाडी लावली आणि दबा धरून बसलो. दोन तासांत पुरावा एकही मिळाला नाही. दावेतचे चाळीस ग्लास खपले. पाक बाग्यो एकटा तीन प्यायला, आणि सगळा वेळ त्याने एका शाळेचा गणिताचा पेपर छापला.

साडेचारला मी गाडी ढकलत परत आलो, तर मागून हाक.

"सार्जोनो! ही गाडी कुणाची रे?"

आई होती. बू तुमिराह. कवायतीच्या तालमीवरून येत होती, अंगावर गुलाबी गणवेश.

"आई, ओळख दाखवू नकोस. मी वेषांतरात आहे."

"मग शर्टावर नावाची पट्टी कशाला?" तिने मला बाजूला सारलं आणि स्टुडिओत शिरली. "वेनिंग, पोरी, रागावणार नसशील तर एक विचारू? माझे अकरा फोटो दोन आठवडे तुझ्या टोपलीत पडलेत. खराब नाही ना होणार?"

"घेतले का नाहीत, बू?"

"ती निळी बया घेऊ कुठे देते? नाव विचारलं, लिहिलं तुमिराह. लगेच म्हणते, आडनाव लिहा. लाल तारा दाखवते. आता आडनाव कुठून आणू? वडिलांनी मला एकच नाव दिलं. त्यांच्यापाशीही एकच होतं. पार्सिनाहचं एकच, न्गातिनाहचं एकच. आम्ही म्हटलं, हे दुकान लांब नावाच्या लोकांचं असेल."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"एवढे छान फोटो काढलेस. वर तक्रार कशी करायची? तुला वाईट वाटलं असतं."

तीनशे बायका. दोन आठवडे. वेनिंगला वाईट वाटू नये म्हणून सगळ्या गप्प.

वेनिंग सावकाश माझ्याकडे वळली. "मास, तो फॉर्म तुम्ही तपासला होतात."

"तपासला. निर्दोष आहे. मी खरं नाव कुठेच देत नाही. नाव 'मिस्टर', आडनाव 'एक्स'. लगेच आत घेतलं."

"आणि मी लिहिलं, नाव वेनिंग, आडनाव स्टुडिओ," असं म्हणून तिने कपाळाला हात लावला.

पाचला पंचवीस कमी. तिने हिरवी गॅलरी उघडून फोन आईच्या हातात दिला. हिरवीला आडनावही हवं होतं आणि मधलं नावही.

"ही तर तिच्याहून हावरट," आई म्हणाली.

केशरी उघडली. एकच रकाना: नाव.

वेनिंग घुटमळली. "पण यात चेहरा शोधता येत नाही, बू. चार हजार फोटो एकेक करून बघावे लागतील."

"बरंच की! बाकीच्या कशा आल्यात तेही दिसेल."

वेनिंगने केशरीची लिंक काकूंच्या ग्रुपवर पाठवली आणि निळी बंद केली. निळीचं पत्र आलं: "प्रिय श्रीमती स्टुडिओ, आम्हाला आपली आठवण येईल." तोवर फोन टिंगटिंगायला लागला होता. पार्सिनाह, सात. न्गातिनाह, बारा. सुकिनेम, चार स्वतःचे आणि एक पार्सिनाह तोंडघशी पडतानाचा. पाचला तीन मिनिटं असताना बू लुराह यांचा निरोप आला: "भाच्याला नाही म्हणून कळवलंय. जिल्ह्याला लवकर ये, पुढची जागा धर."

मी वही उघडली. प्रकरण सतरावं. आरोपी: आडनाव. ठावठिकाणा: कुठेच नाही. तपास अधिकाऱ्याने कमालीची चिकाटी दाखवली.

आईने अकरा फोटो घेतले आणि फोन डोळ्यांपासून लांब धरला. पडद्यावर दोनच शब्द होते: "धन्यवाद, तुमिराह."

तिने ते दोनदा वाचले.

"बघ," ती म्हणाली, "पुरलं की."