एकदा नाव घेण्याचा ठराव

या बापहो, जरा पुढं सरका. कथा लहान आहे, पण मागे बसणाऱ्याला ऐकू जायची नाही.

स्फोट क्षणात संपतो, त्याची समिती संपत नाही. मंगरूळपीरच्या वाटेवरल्या आमच्या गावी बेचाळीस साली इंग्रज घालवण्यासाठी शालिग्रामने पोस्टाच्या ओट्यावर बाँब ठेवला. समितीच्या दप्तरी नुकसान असं: टपालपेटी एक, स्टूल एक, माणूस एक (जमशेद पिंजारी, बहिणीला कार्ड टाकायला आलेला; दोन्ही कान). इंग्रज निरंक. (सर्वांत जवळचा अकोल्यात जेवत होता.)

पुढे देश स्वतंत्र झाला आणि शालिग्राम तुरुंगातून सुटून शालिग्रामबुवा झाले. दर नऊ ऑगस्टला मारुतीच्या देवळात त्यांचं कीर्तन. पूर्वरंगात भक्ती, उत्तररंगात स्वतःचाच बाँब. मी एकही चुकवलेलं नाही. काय गळा! स्फोटाच्या जागी मृदंगावर थाप पडली की बुवांच्या हातची चिपळी गळते, अंगाला कापरं भरतं. घरी कोणी ताट पाडलं तरी हेच होतं. फक्त तिथे कोणी वाहवा म्हणत नाही.

जखमीचं मात्र उत्तम चाललं आहे. पिंजताना धनुकलीच्या तातेचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून कापसात गुठळ्या राहतात. गाव त्या गाद्यांवर कुरकुर न करता झोपतं. अहवालात याला 'पुनर्वसन' म्हटलं आहे.

सत्तावन्न साली जखमीने समितीला अर्ज दिला: कीर्तनात माझं नाव एकदा घ्यावं, दुसरं काही मागणं नाही.

अध्यक्ष दौलतसिंग म्हणाले, "नाव घेतलं त लोकं इचारतीन, इंग्रज कुठी व्हता?"

"भाऊ, पंधरा वर्सं झाले, मले झोप नाही," बुवा म्हणाले. "एक डाव घेऊ द्या."

"कीर्तन देवाचं हाय बुवा, तुमच्या झोपेचं नाही!"

अखेर सर्वानुमते ठरलं: बुवांनी नाव घ्यावं, आणि त्याच क्षणी श्रोत्यांनी विठ्ठलनामाचा गजर करावा. (उभय पक्षांचं समाधान.)

नऊ ऑगस्ट आला. जखमी पहिल्या रांगेत, नजर बुवांच्या ओठांवर. बुवांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि आम्ही असा गजर केला की कळस हलला. सगळ्यांत मोठा आवाज माझा. देवाच्या नावात मी कसर ठेवत नाही. हातातले टाळ उंच गेले. त्यांच्याआड बुवांचे ओठ झाकले गेले.

जखमीने माझी बाही ओढली. "बापू, घेतलं काय माहं नाव?"

कीर्तनात मान डोलवायची मला जुनी सवय. डोलवली.

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. दुसऱ्या दिवशी एक उशी भरून घेऊन आला. गुठळ्या आहेत, पण मला झोप छान लागते.

हसलात? हसा. पण बापहो, एवढं करा, त्या माणसाची आठवण ठेवा. शालिग्रामबुवांचं नाव तर तुम्हाला पाठच झालं असेल. त्याचंही मी एकदा घेतलं आहे, कंसात. वर न पाहता सांगा बघू.

नुसती मान डोलवू नका.