वेंडेल क्रॉस यांची स्वखुशी

आमच्या ब्रिंडल काउंटीच्या न्यायालयात ज्युरीसाठी ओकच्या लाकडाच्या बारा खुर्च्या आहेत. त्यांना दर वर्षी पॉलिश होते आणि कुणी त्यांवर बसून त्या झिजवू नयेत, याची काळजी आम्ही सगळे मिळून घेतो. प्रत्येक आरोपीला बारा नागरिकांसमोर खटला चालवून घेण्याचा हक्क आहे. हा हक्क आम्हाला प्राणांहून प्रिय असल्यामुळे आम्ही तो सहसा बाहेर काढत नाही. मी सरकारने नेमलेली बचावाची वकील. ज्याला वकील परवडत नाही त्याच्या वाट्याला मी येते. एकोणीस वर्षांत नऊ हजार अशिलांच्या हक्कांचे मी रक्षण केले. त्यांपैकी चौघांचे खटले चालले, तेही त्यांनी माझे ऐकले नाही म्हणून.

सप्टेंबरात माझ्याकडे वेंडेल क्रॉस यांची फाइल आली. वय एकाहत्तर, शाळेच्या बसचे निवृत्त चालक. आरोप असा, की चौदा ऑगस्टला दुपारी दोन वाजता त्यांनी शेजारीण डार्लीन ह्यूबर हिच्या परसात शिरून तिच्या स्पर्धेच्या भोपळ्याला भोक पाडले. ऑक्टोबरच्या जत्रेत सर्वांत जड भोपळ्याला निळी फीत मिळते आणि त्या फितीपायी आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. तेव्हा आरोप गंभीरच होता. समन्स क्रॉस यांच्या जुन्या पत्त्यावर गेले, ते तारखेला आले नाहीत, मग वॉरंट निघाले. पुढच्या तारखेला त्यांनी हमखास हजर राहावे म्हणून त्यांना तुरुंगात ठेवण्यात आले.

"बाई, खटला कधी?" भेटीच्या खोलीत त्यांनी मला पहिला प्रश्न केला.

"जानेवारीत."

"आणि तोवर माझ्या बर्थाला पाणी कोण घालणार?"

बर्था म्हणजे त्यांचा भोपळा. वजन सहाशे किलोच्या आसपास, रोजचे पाणी तीनशे लिटर. पत्नी गेल्यापासून क्रॉस यांनी जीव लावला तो या एका वेलीला. पुतणी जमेल तशी येऊन पाणी घाली, पण तेवढ्याने बर्थाचे भागत नव्हते. वजनाचा दिवस तीन आठवड्यांवर आला होता.

"एक मार्ग आहे," मी म्हणाले. "गुन्हा कबूल करा. आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरतील. संध्याकाळी घरी."

"आणि नाही केला कबूल, तर?"

"तर कायदा तुम्हाला निर्दोष मानतो. जानेवारीपर्यंत इथेच."

"म्हणजे चोर घरी आणि साव आत?"

"असं तोंडावर म्हणू नये," मी म्हणाले आणि अर्ज पुढे सरकवला.

न्यायमूर्ती लुसिंडा ओबर्स्ट अत्यंत सचोटीच्या. आरोपीने कोणते हक्क सोडले हे त्याला नीट कळावे म्हणून त्या प्रत्येक हक्क मोठ्याने वाचून दाखवतात. घर विकणाऱ्याला खोली खोली फिरवून आणावे तसे ते चालते.

"मिस्टर क्रॉस, तुम्हाला ज्युरीसमोर खटल्याचा हक्क आहे. सोडता?"

"सोडतो."

"साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा? गप्प राहण्याचा?"

"तेही सोडले. जरा लवकर आटपा, न्यायमूर्तीबाई."

"हे कबूल करायला तुम्हाला कुणी भाग पाडलं का?"

"हो."

सरकारी वकील किप लॅथ्रॉप यांच्या हातातून पेन पडले.

"कुणी?"

"तुम्हीच. नाही म्हटलं तर जानेवारीपर्यंत डांबून ठेवणार आहात की."

न्यायमूर्ती मनापासून दुखावल्या. "मिस्टर क्रॉस, या देशात दबावाखाली दिलेला कबुलीजबाब स्वीकारत नाहीत. तुमच्या हक्कांचं रक्षण करणं माझं कर्तव्य आहे. यांना परत तुरुंगात न्या."

पाच दिवसांनी दुसरी तारीख मिळाली. या वेळी मी त्यांना पढवून नेले होते. दबावाचा प्रश्न त्यांनी उत्तम सोडवला. मग न्यायमूर्तींनी विचारले, "तुम्ही खरोखर दोषी आहात, म्हणूनच कबूल करताय ना?"

"भोपळा सुकतोय म्हणून करतोय," क्रॉस म्हणाले. ते शपथेवर होते, आणि आयुष्यभर लहान मुलांची ने-आण केल्यामुळे त्यांना खरे बोलण्याची वाईट खोड लागली होती.

निर्दोष माणसाला शिक्षा होऊ नये म्हणून त्यांना पुन्हा आत नेण्यात आले.

"अहो, काय हे!" मी दारातच त्यांच्यावर उखडले. "असंच खरं बोलत राहिलात तर जन्मात सुटणार नाही."

"शपथ कशाला घ्यायला लावता मग?"

"पद्धत आहे."

तिसऱ्या तारखेला जत्रा चार दिवसांवर होती. पुतणीचा निरोप आला होता, की बर्थाची पाने माना टाकू लागली आहेत. क्रॉस यांनी या वेळी मान खाली घालून एकेक उत्तर दिले. दबाव नाही. आमिष नाही. स्वखुशी. दोषी.

"तुम्ही काय केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा."

"ह्यूबरबाईच्या भोपळ्याला ड्रिलनं भोक पाडलं."

लॅथ्रॉप खाकरले. "अहवालात स्क्रूड्रायव्हर आहे."

"मग स्क्रूड्रायव्हरनं."

"चौदा ऑगस्टला, दुपारी दोन वाजता?" न्यायमूर्तींनी विचारले.

"चौदाला? छे, चौदाला दुपारी तर मी..."

मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

"हो. दोन वाजता," ते म्हणाले.

न्यायमूर्तींनी कबुली स्वखुशीची आणि सत्य असल्याची नोंद केली, क्रॉस यांचे प्रामाणिकपणाबद्दल कौतुक केले आणि सुटकेचा हुकूम दिला. आम्ही कागद घ्यायला खिडकीशी गेलो. तिथली कारकून ग्रेचन त्यांच्याकडे बघून हसली.

"तुम्ही ते डोनटवाले ना? ऑगस्टमध्ये ज्युरीत बसायला बोलावलं होतं तेव्हा दिवसभर बसून होतात. अख्खा खोका संपवलात!"

तिने रजिस्टर उघडून दाखवले. चौदा ऑगस्ट. वेंडेल क्रॉस. आले सकाळी साडेआठला, गेले साडेचारला, बाहेर सोडले नाही. भोपळ्याला भोक पडले तेव्हा आरोपी याच इमारतीत, न्यायमूर्तींच्या दालनापासून वीस पावलांवर, बारा खुर्च्यांपैकी एकीवर बसायची वाट पाहत होता. त्या दिवशी ज्युरी लागलीच नाही. ज्याचा खटला होता त्याने ऐन वेळी गुन्हा कबूल केला. तो अशील माझाच होता.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुठे विचारलंत, बाई?"

खरे होते. आमच्या छापील अर्जात तो रकाना नाही. मला लाज वाटली. माझ्या धंद्यात ती वरचेवर वाटून चालत नाही, पण वाटली. रजिस्टर उचलून मी धावत न्यायमूर्तींच्या दालनात गेले.

त्यांनी नोंद दोनदा वाचली आणि चष्मा काढला. "मिस्टर क्रॉस यांनी आत्ताच शपथेवर सांगितलं की त्यांनी हे केलं. आता नाही म्हणाले, तर ते न्यायालयापुढे खोटं बोलले असं होतं. तो वेगळा गुन्हा आहे, आणि जास्त गंभीर. अर्थात त्यासाठी ज्युरीसमोर खटल्याचा पूर्ण हक्क त्यांना आहे."

"कधी?"

"एप्रिलमध्ये. तोवर..."

"तोवर आत," क्रॉस दारातून म्हणाले. "राहू द्या, बाई. चला. बर्था तहानलीय."

शनिवारी जत्रेत बर्थाला दोरखंडांनी काट्यावर चढवले. सहाशे अकरा किलो. दुसरा नंबर चाळीस किलोंनी मागे होता. समितीचे अध्यक्ष फीत घेऊन पुढे आले, वाटेत थांबले आणि नियमावली वाचू लागले. दुसऱ्याच्या भोपळ्याला इजा केल्याचा गुन्हा ज्याच्यावर शाबीत झाला आहे, तो स्पर्धेतून बाद. फीत डार्लीन ह्यूबरच्या दुसऱ्या भोपळ्याला गेली. क्रॉस बर्थाला टेकून उभे राहिले.

मी अध्यक्षांना गाठून रजिस्टरची प्रत दाखवली. त्यांनी ती सौजन्याने पाहिली. "असेल बुवा. पण बाई, आगीशिवाय धूर निघतो का? न केलेला गुन्हा कुणी उगाच कबूल करेल?"

हा माणूस मला अतिशय मूर्ख वाटला. तुम्हालाही वाटला असेल. परवा सकाळी वर्तमानपत्रात कुणा अनोळखी माणसाच्या अटकेची बातमी वाचून "काहीतरी केलंच असणार, उगाच कोण धरतंय" असे घरात म्हणालात ते तुम्हीच ना? आणि तुमच्यावर तर कुणी दबावही आणला नव्हता.