पाकळी पडेना

गुरुदासनं बंगला विकायला होकार दिला आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण निम्म्यावर आलं.

गणेशगुडीपासून आत, जंगलात, साहेबाच्या काळातला तो कौलारू बंगला आणि मागच्या उतारावर भिरंडाची, म्हणजे कोकमाची, बाग. बेळगावच्या परशुरामशेठनी मोबाइलवर परदेशातल्या ऑलिव्हच्या बागा आणि त्यांतले जुने बंगले पाहिले होते. तसलंच काहीतरी घेऊन तिथं पर्यटक उतरवायचं त्यांच्या मनानं घेतलं. ऑलिव्ह नाही तर भिरंड! इतक्या हौसेनं आलेल्या माणसाला 'न्हाई' म्हणायला गुरुदासची जीभ रेटेना. त्यातून बायको, सुनयना, सारखी म्हणायची, "कौलं परतून परतून तुमचं गुडघं गेलं." म्हणजे तिला रामनगरला पोराकडं जायचं असणार, असं तो धरून चालला. आणि एकदा दिलेला शब्द मागं घेणं त्याच्या घराण्यात नव्हतं.

आशा एकच उरली होती, बागेतला पाषाणाचा देव, राखणदार. त्याला विचारल्याशिवाय तिथली फांदीही कुणी तोडत नसे. पुजारी धाकलू पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावणार. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौलाच्या दिवशी गुरुदास उजाडताच बागेत गेला आणि पाषाणाच्या उजव्या खांद्याला फणसाचा चीक चोपडून आला.

धाकलूनं गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, तुज्या मनात काय असंल ते सांग!"

सगळे हात जोडून बसले. कौल मिळेपर्यंत उठायचं नाही, खायचं नाही. पाकळ्या हलेनात.

ऊन चढलं. वारा सुटला, झाडांची पानं गळाली, पाकळ्या जागच्या जागी. वरून एक लाल मुंगी शेठच्या सदऱ्यात उतरली, मागोमाग तिचे पाहुणेरावळे उतरले. गुरुदासला घाम फुटला. उजवी पडणार नाही हे ठीक, पण डावीला काय धाड भरली?

"एक फुंकर मारू का?" शेठनी विचारलं.

"शेठ, देव हाय त्यो. च्या न्हवं," धाकलू म्हणाला.

दुपार कलली तसे शेठ उठलेच. "साध्या होय-नाहीला ज्या देवाला दिवस लागतो, त्याच्या शेजारी मी गिऱ्हाइकं कशी ठेवू? गुरुदास, तुमचा शब्द तुम्हाला परत." नमस्कार करून, पाठ खाजवत ते गाडीत बसले.

गाडी वळणाआड गेली आणि गुरुदासच्या छातीवरचा धोंडा उतरला. बोटं मात्र अजून चिकटत होती. चीक तेलाशिवाय निघत नाही, म्हणून तो गुपचूप स्वयंपाकघरात शिरला. तिथं सुनयना खोबरेलाची बाटली घेऊन बोटं चोळत बसली होती.

"डाव्या खांद्याला तू?"

"मग काय करू? तुमाला जायचंच हाय म्हटलं, देवानं न्हाई म्हणू नये," ती डोळे पुसत म्हणाली. "माजा जीव हितंच हाय, पर तुमचं गुडघं..."

"अगं, मला बी न्हाई जायाचं!" गुरुदास ओरडलाच. मग दोघंही हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तेवढ्यात दारात धाकलू उभा. "वैनी, वाईच तेल द्या. पाकळ्या सोडवायच्या हाईत."

दोघं गोरीमोरी झाली. गुरुदासनं चाचरत विचारलं, "देव कोपला काय रं?"

"न्हाई," बाटली घेत धाकलू म्हणाला. "देव म्हणतोय, आदी एकमेकांस्नी इचारा, मग मला."